माजी सैनिकांचे दावे अडतात कुठे? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ग्रामपंचायत आणि कुटुंबीयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहेच. पण त्यांचे कागद ज्यांच्या टेबलावरून जातात त्या कल्याण संघटक, लिपिक, ग्रामसेवक, तलाठी आणि माजी सैनिक संघटनांच्या तालुका पदाधिकाऱ्यांनाही ते तितकंच उपयोगी पडावं. (ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत. गावात मात्र जुनीच नावं चालतात, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत.)

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पेन्शन मंजूर करतं का?

नाही. निम्म्या तक्रारी या एका गैरसमजातून येतात. सेवेची आणि कुटुंबाची नोंद असते त्या त्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. पेन्शन मंजूर होते प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयातून आणि आता बहुतेकांना ती ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतूनच मिळते. उपचारांसाठी ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना वेगळी. केंद्राची कल्याण अनुदानं दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड देतं, राज्याच्या योजना पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडून येतात.

मग जिल्हा कार्यालय करतं काय? ओळखपत्र आणि दाखले देतं, मूळ कागद पडताळतं, अर्जाची शिफारस करून तो वर पाठवतं आणि पाठपुरावा करतं. शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच सर्वात कमी होतं. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यामुळे तहसील किंवा ग्रामपंचायतीत अडलेला कागद हलवण्याची ताकद या कार्यालयाकडे आहे, फक्त ती मागावी लागते.

अर्ज सर्वाधिक कशामुळे परत येतात?

नावामुळे. पात्रता नसल्याने फेटाळलेले अर्ज थोडे, नावातल्या तफावतीने परत आलेले ढीगभर.

समजा, शिपाई म्हणून 1975 साली भरती झालेला माणूस. भरतीच्या वेळी क्लार्कने लिहिलं ‘ज्ञान देव’, इंग्रजीत हिंदी वळणाने ‘जी’पासून. आधार कार्डावर तोच ‘डी’पासून सुरू होणारा ‘ज्ञानदेव’ आहे, वडिलांच्या नावासकट आणि आडनाव पुढे. बँकेच्या पासबुकात ‘ज्ञानू’. पत्नीचं नाव डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या पुस्तिकेत) ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’ आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. गावाला विचाराल तर ही दोनच माणसं आहेत यात कुणाला शंका नसते. संगणकाला मात्र ती सहा वेगळी माणसं दिसतात.

आपल्याकडची नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही पद्धत लष्करी नोंदीत जशीच्या तशी बसत नाही. जुन्या नोंदींत मधलं नाव नसतंच, कित्येकदा आडनावही नसतं. विठ्ठल, कृष्णा, यशवंत या नावांची तर इंग्रजीत तीन-तीन रूपं सापडतात. ‘पाटील’चा ‘पटेल’ झालेलाही दिसतो.

मग कोणता कागद प्रमाण धरायचा?

रेकॉर्ड ऑफिसची नोंद. डिस्चार्ज बुक आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) जे अक्षर असेल त्याला आधार, पॅन आणि बँक जुळवून घेणं सोपं, कारण आधारमधली दुरुस्ती जवळच्या केंद्रावर होते. रेकॉर्ड ऑफिसची नोंद बदलायला महिने जातात.

पण डिस्चार्ज बुकातलंच नाव किंवा जन्मतारीख उघड चुकीची असेल, पत्नीची नोंदच नसेल, किंवा पहिली पत्नी वारल्यावर झालेलं दुसरं लग्न कळवलंच नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसकडे जाण्याला पर्याय नाही. अर्ज, दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, आधार आणि जिल्हा कार्यालयाचं पडताळणी पत्र, एवढं एकत्र पाठवावं. नोटरीचं प्रतिज्ञापत्र काही रेकॉर्ड ऑफिसं परत पाठवतात, तेव्हा आधी विचारून घ्या. बदल मान्य झाला की सुधारित पीपीओ निघतो. तो हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नये.

पत्ता नीट लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अर्जावर लष्करी क्रमांक, हुद्दा आणि पूर्ण नाव या क्रमाने आलंच पाहिजे. क्रमांकाशिवाय पाठवलेलं पत्र तिथे कुणाच्याच टेबलावर पोचत नाही.

हे सगळं कधी करायचं?

माणूस हयात असताना. त्याच्या एका सहीने जे होतं, त्यासाठी त्याच्या मागे बायकोला प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार आणि कधी कधी वारस दाखलाही जमवावा लागतो.

म्हणून कार्यालयांना आमची पहिली सूचना अशी: सैनिक निवृत्त होऊन नाव नोंदवायला येतो, त्याच दिवशी पाच कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, नवरा-बायको दोघांचं आधार, संयुक्त खात्याचं पासबुक आणि विवाहाचा दाखला. तफावत असेल तर तिथेच टिपण करून दुरुस्तीचा अर्ज भरून घ्या. एका कुटुंबामागे पाऊण तास जाईल. वीस वर्षांनी तीच फाइल उघडायची वेळ आली, तर पाऊण वर्ष जाईल.

दिव्यांग मुलं असलेल्या कुटुंबांनी तर आजच उठावं. अशा मुलाला आई-वडिलांच्या पश्चात आजन्म कौटुंबिक पेन्शन मिळू शकते. पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देऊन त्याची नोंद पालक हयात असतानाच करून घेतली, तर पुढचा वाद टळतो. घटस्फोटित मुलीच्या बाबतीतही असंच आहे. घटस्फोटाचा दावा आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण हयात असताना दाखल झालेला असावा लागतो.

पेन्शनर वारले. घरच्यांनी पहिल्या आठवड्यात काय करावं?

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत 21 दिवसांच्या आत करा. नोंद करायला गावातला कुणीतरी जातो आणि ‘बापू’, ‘अण्णा’, ‘तात्या’ असं रोजचं नाव सांगून येतो. तसं होऊ देऊ नका. पीपीओची झेरॉक्स सोबत द्या आणि तेच नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहून घ्या. ग्रामसेवकांनीही मयत माजी सैनिक होता हे कळताच पीपीओ मागावा. दाखला निघून गेल्यावर दुरुस्ती होते, पण त्यासाठी पुन्हा पुरावे आणि पुन्हा खेटे.

मग मृत्यू पेन्शन यंत्रणेला कळवा. स्पर्शवर, स्पर्श सेवा केंद्रात किंवा डीपीडीओ (संरक्षण पेन्शन वाटप) कार्यालयात. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत देय असते आणि कौटुंबिक पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. मधल्या काळात एटीएमवरून नेहमीसारखी रक्कम काढत राहिलात, तर ती पुढे वसूल होते आणि विधवेच्या पहिल्याच हप्त्यांना कात्री लागते. दिवसकार्याचा खर्च असतो हे खरं. तरीही खात्यातली मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन बाजूला ठेवा.

कौटुंबिक पेन्शन किती मिळते?

साधी कौटुंबिक पेन्शन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, किमान 9,000 रुपये आणि त्यावर महागाई सवलत. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल, तर सुरुवातीला 50 टक्के या वाढीव दराने मिळते, ती सात वर्षं किंवा मृत सैनिकाचं वय 67 झालं असतं त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. मुदत संपली की रक्कम एकदम उतरते. तेव्हा बाया घाबरून कार्यालयात येतात, पेन्शन कुणीतरी कापली म्हणून. मंजुरीच्या वेळीच ती तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून द्यावी.

सेवेमुळे मृत्यू झाला असेल तर विशेष कौटुंबिक पेन्शन 60 टक्के, आणि युद्धात किंवा तत्सम कारवाईत वीरमरण आलं असेल तर उदारीकृत पेन्शन शेवटच्या वेतनाइतकी.

हयातीचा दाखला दिला तरी पेन्शन बंद झाली. असं का?

बहुतेक वेळा एका चुकीच्या निवडीमुळे. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, भरताना पेन्शन मंजूर करणारं आणि वाटप करणारं कार्यालय निवडावं लागतं. स्पर्शवर गेलेल्या पेन्शनरने मंजुरीच्या रकान्यात ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि वाटपाच्या रकान्यात ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायला हवं. केंद्रचालक सवयीने बँकेचं नाव टाकतो. दाखला तयार होतो, प्रमाण क्रमांकाचा एसएमएसही येतो आणि सगळं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तो दाखला बँकेच्या वाटेला जातो आणि तिथे या पेन्शनरचं खातंच राहिलेलं नसतं. दुसरी चूक जुना पीपीओ क्रमांक घालण्याची. स्पर्शचा नवा क्रमांक घाला.

म्हणून एसएमएसवर विसंबू नका. चार-पाच दिवसांनी दाखला स्वीकारला की नाकारला, ते तपासून घ्या. पेन्शन थांबलीच तर योग्य दाखला दिल्यावर मागची थकबाकीही मिळते.

आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही. बोट पुसून, तेल लावून दहा वेळा दाबण्यापेक्षा मोबाइलवर चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय वापरा. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड समोरून पडू द्या आणि चष्मा काढा. 80 वर्षांवरील पेन्शनरना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, त्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला काही मिळतं का?

हो. शिपायापासून हवालदारापर्यंत साधारण 15 वर्षं सेवा झाल्याशिवाय सेवा पेन्शन बसत नाही. त्याआधी घरी आलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी (हलाखीतल्यांसाठीचं) अनुदान आहे. अटी: वय 65च्या वर, हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा, कुठलीही पेन्शन नाही. विधवांनाही मिळतं. ऑक्टोबर 2025च्या निर्णयाने ते महिना 4,000 वरून 8,000 रुपये झालं. त्याच निर्णयात शिक्षण अनुदान दरमहा 1,000 वरून 2,000 रुपये झालं (पहिली ते पदवी, दोन मुलांपर्यंत) आणि विवाह अनुदान 50,000 वरून 1 लाख (दोन मुलींपर्यंत, तसंच विधवेच्या पुनर्विवाहासाठी). वाढीव दर 1 नोव्हेंबर 2025 पासून केलेल्या अर्जांना आहेत. विवाह अनुदानात लग्नही त्या आदेशानंतरचं असावं लागतं.

पेन्युरीचे खरे हक्कदार शोधायला कार्यालयाबाहेर पडावं लागतं. पेन्शन नसल्याने ही माणसं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांना स्वतःलाच वाटतं की आपण ‘माजी सैनिक’ म्हणवून घ्यायला कमी पडलो. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी अशा गावांत कोण कधी फौजेत होतं ते पोरासोरांनाही ठाऊक असतं. जिथे तालुक्यात विखुरलेली दहा-वीस घरं आहेत, तिथे ग्रामसभेत विचारणं आणि रेशन दुकानावर सूचना लावणं हाच मार्ग.

हे अर्ज ऑनलाइन भरताना काय चुकतं?

झेरॉक्सचा फोटो. मूळ कागदाचं रंगीत स्कॅन हवं असतं. डिस्चार्ज बुकाची नाव, हुद्दा, सेवेचा काळ आणि कुटुंबाचा तपशील असलेली सगळी पानं लागतात, नुसतं पहिलं पान चालत नाही.

त्यानंतर बँक. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी क्रमांक बघून भरलेले अर्ज आजही येतात. देना आणि विजया बँक 2019 मध्ये बडोदा बँकेत गेली. सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्र, अलाहाबाद, ओरिएंटल आणि युनायटेड या बँका 2020 मध्ये इतरांत विलीन झाल्या. अनुदान मंजूर होतं, पैसे निघतात आणि परत जातात. अर्जापूर्वी पासबुकाची ताजी छपाई करून घ्यावी. खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही त्याच फेरीत विचारावं.

विवाह अनुदानाचा अर्ज लग्नानंतर 180 दिवसांत करावा लागतो. वैशाखात लग्न लागतं, विवाह नोंदणी ‘करू की दिवाळीला’ म्हणून राहते आणि मुदत संपते. नोंदणी पहिल्या महिन्यातच उरकावी.

पंतप्रधान शिष्यवृत्ती कुणाला?

व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या, अधिकारी हुद्द्याखालच्या माजी सैनिकांच्या मुला-मुलींना आणि विधवांना. पात्रता परीक्षेत किमान 60 टक्के. मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये. दुसऱ्या वर्षाला जाग आली तर नव्याने अर्ज करता येत नाही. जिल्हा कार्यालयाच्या सहीचा दाखला लागतो, म्हणून प्रवेशाच्या हंगामात कार्यालयाने या एका दाखल्यासाठी स्वतंत्र टेबल ठेवावं.

घरपट्टी माफ होते ना? मग ग्रामपंचायत नाही का म्हणते?

बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने राज्याने 2020 मध्ये आणलेल्या माजी सैनिक सन्मान योजनेत माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना निवासी घराच्या मालमत्ता करातून सूट आहे, गावात आणि शहरातही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज स्थानिक संस्थेकडे करायचा. पाणीपट्टी यात येत नाही.

अडतं ते इथे: घर अजून वडिलांच्या नावावर असतं. नमुना 8 ला स्वतःचं किंवा पत्नीचं नाव नसेल, तर ग्रामसेवक सूट देऊ शकत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, आधी वारस नोंद किंवा वाटप करून घ्या. आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 मागितला असताना लोक तलाठ्याचा 8 अ घेऊन येतात. तो शेतजमिनीचा, याच्याशी त्याचा संबंध नाही.

कार्यालय जिल्ह्याच्या गावी, म्हातारी माणसं सव्वाशे किलोमीटरवर. काय करता येईल?

तालुक्याला ठरलेला दिवस. ‘मेळावा’ नको. मेळाव्यात हार, भाषणं आणि सत्कार होतात, कागद होत नाहीत. महिन्यातला एक पक्का वार धरा, शक्यतो आठवडी बाजाराचा, कारण त्या दिवशी गाडी मिळते आणि माणसं तशीही येतात. जागा तहसील किंवा पंचायत समितीत, तळमजल्यावर.

सोबत काय न्यायचं: लॅपटॉप, रंगीत स्कॅनर, ठसे घेण्याचं यंत्र आणि चेहऱ्याच्या दाखल्यासाठी चांगला मोबाइल, दोन कंपन्यांचं इंटरनेट, शिक्के आणि कोऱ्या अर्जांचे संच. दोन माणसं पुरतात. एक कागद ताडतो, दुसरा स्कॅन करून भरतो. नीट काम केलं तर दिवसाला पंचवीस-तीस प्रकरणं होतात. याहून जास्त टोकन वाटली, तर संध्याकाळी घाईत भरलेले अर्ज पुढच्या महिन्यात परत येतात. आधार केंद्रचालकाला आणि ग्रामसेवकाला त्याच दिवशी त्याच आवारात बसवता आलं, तर एका फेरीत तीन कामं होतात. तहसीलदारांच्या एका पत्रावर हे जमतं.

कार्यालय सुधारलं की नाही हे कसं ओळखायचं?

किती अर्ज पाठवले या आकड्याने नाही. परत किती आले आणि कशामुळे आले, त्यावरून. साध्या वहीत चार रकाने आखा: आवक क्रमांक आणि तारीख, वर पाठवल्याची तारीख, परत आल्याची तारीख, कारण. कारण एकाच शब्दात लिहा: नाव, बँक, स्कॅन, मुदत, पात्रता. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट दिसतं. ‘स्कॅन’ जास्त असेल तर स्कॅनर बदला किंवा माणसाला शिकवा. ‘मुदत’ जास्त असेल तर लोकांपर्यंत माहिती वेळेवर जात नाही. परत आलेल्या अर्जाची माहिती त्याच आठवड्यात फोनवर द्यावी. पोस्टकार्ड पोचेपर्यंत दुरुस्तीची मुदत संपते.

आणि अर्जदाराला पोच द्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज हरवला, तर तो कधी आलाच नव्हता.

कुठेच दाद लागली नाही तर?

पेन्शनच्या तक्रारी ‘रक्षा पेन्शन शिकायत निवारण’ या पोर्टलवर किंवा केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर नोंदवा. एका तक्रारीत एकच मुद्दा लिहा. तीन मुद्दे लिहिले की एकाचं उत्तर येतं आणि तक्रार निकाली निघते. कागद कुठे आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दिव्यांगत्व पेन्शन नाकारली असेल, तर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, म्हणून नकाराचं पत्र पाकिटासकट जपा. त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक मंडळांच्या कार्यालयांमध्येच विधी सहाय्य केंद्रांची तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यात ते कोणत्या वारी बसतं ते कार्यालयात विचारा.

मूळ गाव महाराष्ट्रात, पण निवृत्तीनंतर बेळगावला किंवा बडोद्याला राहतो. नोंदणी कुठे?

जिथे राहता तिथे. जुन्या जिल्हा कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेऊन नोंदणी हलवता येते. केंद्राच्या अनुदानांवर याचा परिणाम होत नाही. राज्याच्या योजना मात्र त्या त्या राज्याच्या अधिवासावर ठरतात, म्हणून हलवण्यापूर्वी विचार करा.

‘पेन्शन बंद होणार, ओटीपी सांगा’ असा फोन आला.

ठेवून द्या. हयातीचा दाखला फोनवर ओटीपी सांगून होत नाही, आणि ओटीपी विचारणारा माणूस कधीच पेन्शन कार्यालयाचा नसतो. आकडा सांगून झाला असेल तर लगेच बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवा.